बुक्का हसत नव्हता

त्या रविवारचे 86 फोटो मी अजून जपून ठेवले आहेत. घरातले म्हणतात, पुसून टाक एकदाचे. मी पुसत नाही. कुत्र्याला घेऊन फिरायला जाणाऱ्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी ते ओळीने दाखवते. त्या सकाळी मला जे दिसायला हवं होतं, ते सगळं त्यांत आहे. फोटो मीच काढलेत आणि तरीही मला ते दिसलं नव्हतं.

बुक्का आमचा काळाभोर लॅब्रेडॉर. पिल्लू घरी आलं तेव्हा आईनं त्याला ओंजळीत घेतलं आणि म्हणाली, "विठोबाचा बुक्काच की हा!" तेच नाव राहिलं. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि त्या छावणीचंच पुढे शहर झालं. आमचं घर कंपू भागात आहे. तिथून मांढऱ्यांच्या मातेची टेकडी चालत जाण्याजोगी. दसऱ्याला शिंदे घराण्याचं शमीपूजन होतं ते इथलंच मैदान. सकाळी अर्धं लष्कर टेकडीवर फिरायला येतं, आणि वरून गावाच्या घरांपलीकडे किल्ल्याचा लांबलचक डोंगर दिसतो.

मला हवा होता तो एकच फोटो: पुढे बुक्का, मागे किल्ला. चार वर्षं त्याच्या मागे होते. काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं अवघड असतं. आभाळ मागे आलं की कुत्रा नुसता काळा डाग होतो, डोळे हरवतात. कुत्रा नीट दिसावा म्हणून उजेड वाढवला की किल्ला पांढरा पडतो. दोन्ही साधायचं म्हणून त्या एप्रिलच्या रविवारी मी हट्टाला पेटले. निघायलाच उशीर झाला होता. पहिला फोटो 8 वाजून 14 मिनिटांचा आहे, शेवटचा 9 वाजून 31 मिनिटांचा. मधल्या वेळात मी त्याला पायऱ्यांवरून खाली पाठवत होते आणि हाक मारून वर बोलावत होते, कारण धावत येताना त्याचे कान छान उडतात. मी स्वतः सावलीच्या कडेला उभी होते. मला वारा लागत होता. तो उन्हात, दगडावर होता.

सगळ्यांआधी ते कळलं देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींना. त्या ओरडल्या, "बहनजी, फोटो बाद में! इसको छाया में लाओ!" मी कॅमेरा डोळ्यावरून काढला. बुक्का उठायचा प्रयत्न करत होता आणि त्याचे मागचे पाय बाजूला जात होते. तोंडातून चिकट लाळ लोंबत होती. हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. मावशींनी फुलांवर शिंपडायची पाण्याची बादली तशीच त्याच्या अंगावर ओतली. दोघांनी त्याला उचलून सावलीत नेलं, एक जण पुठ्ठ्यानं वारा घालत राहिला, मग रिक्षा. डॉक्टरांनी ताप पाहिला तेव्हा इतकं पाणी ओतल्यावरही तो 105 अंश फॅरनहाइट होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 च्या आसपास असतं. सलाइन, रक्ततपासणी, दोन रात्रींची जागरणं. बुक्का वाचला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घरी नेईपर्यंत थांबला असतात, तर नसता वाचला."

आठवड्यानं मी फोटो उघडले आणि वेळेनुसार लावले. सव्वाआठच्या फोटोत त्याचं तोंड मिटलेलं आहे, कान पुढे, नजर एका साळुंकीवर. पावणेनऊला तोंड उघडं, जीभ दातांच्या आत. नऊ वाजून पाच मिनिटांच्या फोटोत जीभ बाहेर लोंबते आहे, टोकाशी पसरट, पळीसारखी. ओठांचे कोपरे मागे ओढलेले, थेट दाढा दिसतात. हा फोटो मी तिथल्या तिथे भाचीला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'बघ कसा हसतोय!' सव्वानऊनंतरच्या 6 फोटोंत तो माझ्याकडे बघतच नाही. डोळे बारीक करून एकाच दिशेला बघतो आहे. तिकडे कडुनिंब होता. कडुनिंबाची सावली होती.

मी त्या प्रत्येक फोटोत उजेड तपासला. काळेपणा किती, किल्ला किती, रेषा सरळ आहे का, सगळं तपासलं. तो मात्र मला सहा वेळा सावली दाखवत होता. एवढ्याचसाठी हे लिहिते आहे. कॅमेरा डोळ्याला लावला की आपल्याला वाटतं, आपण कुत्र्याकडे फार बारकाईनं बघतो आहोत. प्रत्यक्षात आपण फोटो बघत असतो. तेव्हा पुढे जे सांगते, ते कृपा करून गांभीर्यानं घ्या.

आधी तोंड वाचा, मग फोटो काढा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून उघडं तोंड आणि लांब जीभ याला हसू समजू नका. जीभ टोकाशी पसरली, दाढा दिसू लागल्या, डोळे बारीक झाले, हाकेला उशीर होऊ लागला, की कॅमेरा पिशवीत. त्याच्यानंतर एकही फोटो नाही. काळ्या अंगाचा, जाड, म्हातारा किंवा पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल, तर याच्याही आधी थांबा.

वेळ सूर्यावरून ठरवा, सुटीवरून नको. आपल्या ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या वर जातो. चैत्र लागला की सूर्य उगवताना बाहेर पडा आणि सातपर्यंत घरी या. फोटोसाठीही तीच वेळ चांगली. कोवळं ऊन आडवं येतं, केसांवर चकाकी आणतं, डोळ्यांत ठिपका पेटवतं. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू दगडावर किंवा डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही, तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. दोन लिटर पाणी आणि वाटी हे कॅमेऱ्याच्या बॅटरीइतकंच सामानात धरा.

ऊन लागलंच, तर आधी थंड करा आणि लगेच मागून दवाखाना. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांत, मानेवर भरपूर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात बळेच पाणी ओतू नका. शुद्धीत असेल तर घोटघोट पिऊ द्या. तो उठून शेपटी हलवू लागला तरी डॉक्टरांकडे न्याच. मूत्रपिंडांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसू शकते.

एक जण फोटोला, एक जण पट्ट्याला. पट्टा मनगटाला गुंडाळून दोन्ही हातांनी कॅमेरा धरायची सवय घातक आहे. माकड दिसलं, गल्लीतले कुत्रे अंगावर आले, की तुम्ही आणि तो दोघेही पडता. बरोबर कोणी नसेल, तर त्या दिवशी नुसतं फिरा. तिघरा धरणाच्या पाण्याकाठी, किल्ल्याच्या चढावर, रहदारीच्या रस्त्यालगत पट्टा कधीच सोडू नका. फोटोत पट्टा आला तर येऊ द्या.

जिथे त्याला प्रवेश नाही, तिथला फोटो सोडून द्या. किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या निळ्या फरशांपुढे कुत्रा बसवायचा मोह मलाही झाला होता. पण संरक्षित स्मारकांसाठीचे 1959 चे नियम सांगतात की स्मारकाच्या देखभालीच्या कामाखेरीज आत जनावर नेता येत नाही. मग लोक काय करतात, तर 'पाचच मिनिटं' म्हणून त्याला गाडीत बंद करून जातात. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास वाढू शकतं. बुक्क्यावर जे टेकडीवर सव्वा तासात ओढवलं, ते तिथे काही मिनिटांत ओढवेल.

फोटो मोजून काढा. 1882 मध्ये छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंग्रज अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत फिरले. 1886 मध्ये ते फोटो पुस्तकरूपात निघाले, त्यात आपला किल्लाही आहे. तेव्हा प्रत्येक फोटोला काचेची एक प्लेट खर्ची पडायची, म्हणून फोटो घेण्याआधी बघणं भागच होतं. आपल्याला काही खर्ची पडत नाही असं वाटतं, पण कुत्र्याची दमछाक होतेच. मी आता एका फेरीला दहा मिनिटं आणि बारा फोटो एवढीच मर्यादा ठेवली आहे. बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन, डोळ्यावर फोकस. तो धावत असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं, बसला असेल तर अडीचशेवा भाग पुरतो. काळ्या कुत्र्याला उघडी सावली सगळ्यांत चांगली: झाडाखाली, पण तोंड उजेडाकडे. काळा रंग चौकटभर असला की कॅमेरा उगाच उजेड वाढवतो आणि कुत्रा राखाडी दिसतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवा. फ्लॅश नको. त्याला पुन्हापुन्हा पळवू नका. तो आपणहून जे करेल त्याची वाट बघा.

पुढे-बुक्का-मागे-किल्ला हा फोटो मला या जानेवारीत मिळाला. धुकं होतं, त्यामुळे आभाळाचा लख्खपणा गेला होता आणि काळं नि फिकं एकाच उजेडात मावलं. चार वर्षं मी जे उन्हात झगडून मागत होते, ते थंडीत तो नुसता बसला असताना मिळालं. तोंड मिटलेलं, कान पुढे, त्या पहिल्या, सव्वाआठच्या फोटोसारखे.

आम्ही अजून त्याच टेकडीवर जातो. फुलवाल्या मावशी आम्ही दिसलो की आधी बुक्क्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मीही आता तोच क्रम ठेवला आहे.