जळका वास : मशीनचा की बोर्डाचा?

प्रश्न : घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. चादरी धुवायला टाकल्या की वॉशिंग मशीनला जळका वास येतो आणि थोड्या वेळाने जातो. मशीन वापरत राहिलं तर चालेल का?
– एक वाचक, तोंडवली (ता. मालवण)

उत्तर : नाही. बोर्डावरचा स्विच बंद करा. प्लग तापला असेल तर तो न उपसता आधी मेन स्विच पाडा.

आता वास ओळखू. रबर जळल्यासारखा असेल तर बहुधा मशीनचा पट्टा घासतोय. सात किलोची मशीन म्हणजे सात किलो सुके कपडे. चादरी पाणी पिऊन एका बाजूला गोळा होतात, ड्रम अडतो, पण मोटर फिरतच राहते. तुमचा वास चादरींच्याच दिवशी येतो, म्हणून माझा पहिला संशय पट्ट्यावर. चादरी निम्म्या करून बघा, पण मेकॅनिकने पट्टा तपासल्यावरच. मोटर नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. व्होल्टेज 230 च्या बरंच खाली गेलं तरी मोटर जास्त करंट ओढून तापते.

मला खरी धास्ती आहे ती मासळीसारख्या वासाची. स्विच-सॉकेटच्या काही प्लास्टिकमधून तापल्यावर अमाइन वर्गातले वायू निघतात आणि कुजक्या मासळीच्या वासाचं मूळही त्याच वर्गात आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी अशा तुमच्या गावात, दारात सुकट वाळत असताना या वासाकडे कोण लक्ष देणार? खाऱ्या हवेने पिना हिरवट पडतात, पकड सैल होते आणि नेमकी तीच जागा तापते. तेव्हा एमसीबी पडेलच असं नाही, कारण करंट वाढलेला नसतो. प्लगची पिन काळवंडली असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला; घासून पुन्हा लावू नका. पाणी तापवणारी मशीन 2000 वॅटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर घेते. तिला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा वास कसला, कुठून आणि मशीन भरताना येतो की पिळताना, एवढं नीट सांगा. म्हणजे तो पट्टा किंवा सॉकेट सोबत घेऊनच येईल.