घराची नोंदवही : देखभालीचा पाया

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखर कारखान्याभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. आज येथे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात यंत्रे उघडली जातात, झिजलेले भाग बदलले जातात आणि पुढील हंगामाच्या बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी ही कामे पुरी करावी लागतात. कोणता भाग केव्हा बदलला, हे कोणा एकाच्या स्मरणावर सोडून चालत नाही. बॉयलरची नोंदणी आणि मुदतीची तपासणी तर १९२३ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे.

परंतु पाळी संपवून कामगार ज्या घरी परततो, त्या घराची अशी नोंद क्वचितच आढळते. घराचे कागद म्हणजे आकारणीचा उतारा, करपावती आणि वीजबिल, अशीच समजूत आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील मिळकतींच्या पत्रिकाही मिळू लागल्या. हे सर्व कागद घर कोणाचे आहे व त्यावर कर किती आहे, हे सांगतात. घर चालते कसे, हे त्यांत नसते. ती माहिती बहुधा घरातील एकाच माणसाला असते आणि त्याच्याबरोबरच ती जाते.

विस्मरणाची किंमत

सोलापूर जिल्ह्यात व शेजारच्या मराठवाड्यात माळवदाची घरे पूर्वापार आहेत. छत गळू लागले की त्यावर मातीचा आणखी एक थर देण्याची रीत होती. थरांचा हिशेब कोणी ठेवत नसे. वजन मात्र वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड छते कोसळणे, हे त्या हानीचे प्रमुख कारण होते. छताची जाडी केवळ वहीत लिहिल्याने भूकंप टळत नाही. पण भार वाढत आहे, हे वेळीच ध्यानात येते.

दुसरे उदाहरण दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचे आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून मैला दुसऱ्याकडे वळवायचा असतो आणि बंद खड्डा किमान एक ते दोन वर्षे तसाच ठेवायचा असतो. त्या काळात रोगजंतू नष्ट होऊन निर्धोक सोनखत तयार होते. ही सारी योजना एका तारखेवर उभी आहे. खड्डा कधी बंद केला, हेच आठवत नसेल, तर तो अकाली उघडला जातो आणि उपसणाऱ्याचे आरोग्य धोक्यात येते. सेप्टिक टाकी असल्यास ती साधारणपणे दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यावी व तारीख लिहावी. टाकीत माणूस उतरवणे प्राणघातक ठरते; २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईस बंदी आहे.

वहीत काय लिहावे?

वीज : मुख्य स्विच, मीटर व अर्थिंगचा खड्डा यांच्या जागा. अंगणात फरशी बसवताना हा खड्डा बुजतो आणि पुढे सापडत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग दुर्बल होते. म्हणून त्यात पाणी केव्हा घातले, ते नोंदवावे. आरसीसीबी बसवली असल्यास तिचे चाचणीचे बटण दाबून पाहिल्याची तारीखही लिहावी.

पाणी : विंधन विहिरीची खोली, केसिंग किती फूट, मोटर किती फुटांवर व किती पाइपांवर सोडली आहे, टाकी धुतल्याची तारीख, जमिनीखालील नळांचा मार्ग.

गॅस : रबरी नळी बसवल्याची तारीख. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते.

बांधकाम : काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी. तडा खुणेपलीकडे गेला, तर जाणकाराचा सल्ला घ्यावा.

नोंद ठेवण्याची रीत

यासाठी दोनशे पानांची एक पुठ्ठा-बांधणीची वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर घराचा कच्चा नकाशा काढावा. पुढे प्रत्येक व्यवस्थेस चार पाने द्यावीत आणि पाच रकाने आखावेत : काय केले, केव्हा, कोणी, खर्च किती, पुन्हा केव्हा. पावत्या व हमीपत्रे मागील पाकिटात ठेवावीत. वर्षातून दोनदा वही उघडण्याचा नेम असावा. मृगापूर्वी छत, पन्हाळी व गटारे पाहावीत. खंडेनवमीस अवजारे पुसली जातात, त्याच दिवशी वीज, मोटर व गॅस तपासावा. वही कोठे आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. कर्ता माणूस परगावी असताना गृहिणीला मुख्य स्विच वा पाण्याचा कॉक शोधत बसावे लागू नये, यासाठीच ही सारी खटपट आहे.

सार्वजनिक इमारतींना हे अधिकच लागू आहे. शाळा, अंगणवाडी आणि पंचायतीचे कार्यालय येथील कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात. कार्यभार देताना फर्निचरची यादी दिली जाते, पण शोषखड्डा कोठे आहे हे सांगितले जात नाही. इमारतीची अशी वही कार्यभाराच्या यादीत समाविष्ट करण्यास कोणताही खर्च येत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घराचा नकाशा काढून घेतला, तर पहिले पान घरोघरी आपोआप तयार होईल.

घर बांधताना आयुष्याची पुंजी खर्ची पडते. ते सांभाळण्यासाठी लागणारी पहिली वस्तू मात्र वही आणि पेन्सिल एवढीच आहे.