प्रयोगशाळेचं कुलूप उघडताना : बारावीच्या बॅचेसचा खरा खर्च

कनिष्ठ महाविद्यालय साथीमुळे बंद असो, पुराच्या पाण्यामुळे असो की गळक्या स्लॅबच्या दुरुस्तीमुळे, ते पुन्हा उघडताना विज्ञान शाखेच्या पालकांना एक चिठ्ठी हमखास येते. रसायनं महागली, काचसामान फुटलं, म्हणून 'प्रात्यक्षिक साहित्य शुल्क' भरा. मग पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तासभर बाटल्यांच्या किमतीवर वाद होतो आणि जिथे खरा पैसा जातो तो विषय निघतच नाही. टप्प्याटप्प्याने प्रात्यक्षिकं सुरू करण्यात महाग असतो तो वेळ. रसायनाचं बिल त्यामानाने किरकोळ.

हिशेब मांडून बघा. बारावीची 80 मुलांची तुकडी आहे. एरवी 20-20च्या चार बॅचेस, प्रत्येकीला आठवड्यातून एकदा दोन तास, आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र अशा तीन प्रयोगशाळा. म्हणजे आठवड्याला 24 तास. आता अंतर ठेवायचं म्हणून किंवा निम्मी टेबलं अजून दुरुस्तीला आहेत म्हणून बॅच 10ची केली, की तेच काम 48 तासांचं होतं. सोडियम हायड्रॉक्साइड पूर्वी लागायचं तेवढंच लागेल, कारण मुलं तेवढीच आहेत. वाढले ते शिक्षकांचे 24 तास. ते तासिका तत्त्वावर भरून काढायचे ठरले आणि तासाला 200 रुपये धरले, तर आठवड्याला 4,800 रुपये होतात. आठ आठवड्यांचे 38,400 आणि विद्यार्थ्यामागे 480. तुमच्या संस्थेचा तासिका दर निराळा असेल, तो 200च्या जागी घाला. गणितवाल्या मुलांना जीवशास्त्र नसतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खालीच येईल. परिचराचे जादा तास मात्र यात धरलेले नाहीत, ते वेगळे विचारा. काचसामान धुणारा आणि बुरेट लावून ठेवणारा माणूस नसेल, तर दोन तासांतला अर्धा तास मांडामांडीतच जातो.

हा खर्च टाळता येतो का? बराचसा येतो, पण वेळापत्रक हाताशी घेऊन बसावं लागतं. 23 नोव्हेंबर 2020पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली, तेव्हाची चौकट आजही नमुना म्हणून चालेल. एका बाकावर एक विद्यार्थी, निम्मी मुलं एक दिवसाआड, शाळा दिवसाला चार तासांहून जास्त नाही. गणित, विज्ञान, इंग्रजी वर्गात आणि बाकीचे विषय ऑनलाइन. चार तासांत दोन-दोन तासांच्या दोन बॅचेस बसतात. पाच दिवसांच्या दहा आणि शनिवारची एक, अशा एका प्रयोगशाळेला आठवड्याच्या अकरा जागा मिळतात. बारावीच्या आठ बॅचेस गेल्या की तीन जागा उरतात, त्या चुकलेल्या प्रयोगांसाठी. अकरावीची तेवढीच मोठी तुकडी त्याच आठवड्यात बसणार नाही. म्हणून 'अकरावी-बारावी दोन्ही सोमवारपासून' अशी सूचना फलकावर लागली तर प्राचार्यांना वेळापत्रक मागा. ते बहुधा झालेलं नसतं. अकरावी महिनाभर मागे ठेवणं अप्रिय आहे, पण तिला सावरायला अजून वर्ष असतं.

दुसरी युक्ती बॅचेस पाडण्याची. हजेरी क्रमांकाने बॅच पाडणं कार्यालयाला सोपं जातं, पण पालकांना महाग पडतं. एसटीच्या एकाच फेरीने येणारी मुलं एका बॅचमध्ये घाला. एकाच दिवशी पहिल्या दोन तासांत भौतिक आणि पुढच्या दोन तासांत रसायन ठेवलं, तर तीन प्रात्यक्षिकांसाठी तीन हेलपाटे न होता दोनच होतात. एसटीच्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे. पण पास महिन्याचा असतो. आठवड्यातून दोनच दिवस यायचं असेल तर मुलाचा पास आणि रोजचं तिकीट यांत स्वस्त काय, हे प्रत्येक घराने आपल्या टप्प्यांप्रमाणे मोजावं. शेअर रिक्षाने येणाऱ्यांचा फायदा तर सरळ आहे. एक फेरी वाचली की तेवढे पैसे वाचले.

आता बाटल्या.

रसायनांच्या यादीत सर्वात मोठा आकडा सिल्व्हर नायट्रेटचा असतो आणि तो बघूनच पालक हबकतात. त्यात लबाडी असतेच असं नाही. 25 ग्रॅमच्या बाटलीत जवळपास 16 ग्रॅम चांदीच असते. चांदी किलोला एक लाख धरली, तरी नुसता धातूच 1,600 रुपयांचा झाला. पण ही बाटली पुरते किती? 0.1 नॉर्मलचं द्रावण करायला लिटरला 17 ग्रॅम लागतं, म्हणजे 25 ग्रॅममध्ये दीड लिटरच्या आसपास होतं. क्षार ओळखण्याच्या प्रयोगांत प्रत्येक मुलाने वर्षभरात 5 मिलिलिटर वापरलं असं धरलं, तरी 80 मुलांचं 400 मिलिलिटरमध्ये भागतं. यादीत एकाहून जास्त बाटल्या दिसल्या तर कारण विचारा. आधीची बाटली तपकिरी काचेची आणि सीलबंद असेल तर चूर्ण बहुधा चांगलं असतं. उजेडात राहिलेलं, काळपट पडलेलं द्रावण मात्र टाकाऊ समजा.

बाकी काय बदलायचं ते बरंचसं डोळ्यांनी कळतं. मोहर्स सॉल्टचे स्फटिक फिकट हिरवे असले पाहिजेत, पिवळट-तपकिरी झाले असतील तर अनुमापनाची उत्तरं चुकणार. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून चिकटल्या असतील तर नवा डबा घ्या. कॉपर सल्फेट, तुरटी, मीठ यांना वर्षभराच्या बंदने काही होत नाही, ती पुन्हा यादीत नकोत. गॅसवर तडजोड करू नका. नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं उलटली असतील तर नळी बदला. सिलिंडरही घरगुती नको, व्यावसायिक जोडणीचा हवा. अग्निशामकाच्या चिठ्ठीवरची तपासणीची तारीखही त्याच फेरीत बघून घ्या.

भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा स्वस्तात उभी राहते. रेझिस्टन्स बॉक्सच्या किल्ल्यांवर आणि पोटेन्शिओमीटरच्या पट्ट्यांवर चढलेला गंज बारीक पॉलिश पेपरने जातो. लेक्लांशे सेलला ताजं नवसागराचं द्रावण आणि गरज असेल तर जस्ताची नवी कांडी पुरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जास्त त्रास सूक्ष्मदर्शकांचा. पावसाळाभर पेटीत राहिलेल्या भिंगांवर बुरशी धरते. नव्याचं दरपत्रक मागवण्याआधी मेकॅनिकला दाखवा. तो तालुक्याला येणारच असेल तर शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एकच दिवस ठरवावा, म्हणजे त्याचा येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो.

विद्यार्थ्याने स्वतः घ्यायच्या वस्तू मोजक्याच. सुती ॲप्रन साधारण 250 ते 500 रुपयांत मिळतो, थोरल्या भावंडाचा असेल तर तोच चालवा. सिंथेटिक कापडाचा स्वस्तात मिळाला तरी नको, ते ज्योतीजवळ वितळून अंगाला चिकटतं. प्रयोगवह्यांवरचा 12 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून शून्य झाला आहे, बिलात तो लावलेला दिसला तर दुकानदाराला विचारा. कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही, लॉगॅरिदमची पुस्तिका घ्या. अमुक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती मान्य करू नका.

महाविद्यालयाने जादा शुल्क मागितलं तर आधी एक प्रश्न विचारा : पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत याला मंजुरी मिळाली का? खासगी संस्थांना लागू असलेल्या 2011च्या शुल्क विनियमन कायद्यात ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षं कायम राहतं. मधेच चिठ्ठी पाठवून ते वाढवता येत नाही. दुसरा प्रश्न, कुलूप असलेल्या महिन्यांचं प्रयोगशाळा शुल्क कुठे गेलं? सर्वोच्च न्यायालयाने 3 मे 2021 रोजी राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात न वापरलेल्या सुविधांपोटी 2020-21च्या शुल्कात 15 टक्के कपात करायला सांगितलं आणि महाराष्ट्र शासनानेही 12 ऑगस्ट 2021ला तशाच कपातीचा आदेश काढला. ते दोन्ही निर्णय साथीच्या काळापुरते होते, आज ते दाखवून हक्काने पैसे मागता येणार नाहीत. पण न झालेला खर्च आधी जादा तासिकांकडे वळवा, हे सांगायला कायद्याचं कलम लागत नाही. विनाअनुदानित संस्थेत हे मान्य होण्याची शक्यता थोडी जास्त, कारण शुल्काचा हिशेब त्याच समितीपुढे येतो.

'प्रवेश परीक्षेला प्रात्यक्षिक विचारत नाहीत' म्हणून क्लासला जाणारी मुलं या बॅचेस बुडवतात आणि पालकही कानाडोळा करतात. बोर्डात भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांना प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. जीवशास्त्र घेतलेल्या मुलाचे हे 90 गुण झाले, आणि तयारी केलेल्या मुलाला ते लेखी परीक्षेपेक्षा सहज मिळतात. 2025मध्ये बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा 24 जानेवारीला सुरू झाल्या होत्या. त्या हिशेबाने दिवाळीच्या सुट्टीनंतर बॅचेस लागल्या, तर वर धरलेले आठ आठवडे कसेबसे हाती येतात. त्यातच जर्नलवर सह्या व्हायच्या असतात. सह्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, प्रत्येक प्रयोग झाला की त्याच दिवशी शिक्षकांची सही घ्यायला मुलाला सांगा.