लोकराजनय : प्रसिद्धी आणि विश्वास

दोन देशांच्या शासनांमधील वाटाघाटी म्हणजे राजनय, ही व्याख्या आता अपुरी पडते. परदेशातील सामान्य जनतेशी थेट संबंध जोडण्याच्या प्रयत्नास लोकराजनय असे म्हणतात. भारतात या कार्याचा पाया जुनाच आहे. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमाखाली विकसनशील देशांतील अधिकारी व तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी भारतात येऊ लागले. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्यांनी मायदेशी नेलेला अनुभव अधिक बोलका असणार, हे उघड आहे.

परराष्ट्र मंत्रालयात २००६ मध्ये लोकराजनयाचा विभाग निर्माण झाला आणि २०१० मध्ये त्याने ट्विटरवर खाते उघडले. पुढच्याच वर्षी लिबियात यादवी पेटली. तेथे अडकलेल्या भारतीयांशी संपर्क साधण्यास हे खाते उपयोगी पडले. सांगण्यासाठी घेतलेले साधन ऐकण्यासाठीही वापरावे लागले. आधुनिकीकरण म्हणावयाचे ते यालाच.

परंतु खरी कसोटी २०२१ मध्ये लागली. 'व्हॅक्सिन मैत्री' उपक्रमाखाली २० जानेवारीस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्ड लशीच्या दीड लाख मात्रा भूतानला पोहोचल्या. मार्चमध्ये आणखी चार लाख गेल्या. त्या बळावर भूतानने सुमारे दोन आठवड्यांत बहुसंख्य प्रौढांना पहिली मात्रा दिली. एवढी सदिच्छा कोणत्याही प्रसिद्धी मोहिमेने मिळविली नसती. मग भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. स्वदेशातील रुग्णांना अग्रक्रम देण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही; मात्र शेजारी देशांचे दुसऱ्या मात्रेचे वेळापत्रक याच पुरवठ्यावर आखलेले होते.

पूर्वी देशात एक आणि परदेशात दुसरे बोलणे खपून जाई. आज दिल्लीतील चर्चा थिंफूमध्ये त्याच दिवशी वाचली जाते. त्यामुळे साहाय्य जाहीर करतानाच पुरवठ्याची मर्यादा सांगणे आणि खंड पडल्यास त्याचे कारण व अंदाजे मुदत तेथील जनतेला कळविणे, हाही लोकराजनयाचाच भाग ठरतो. हे काम एकट्या परराष्ट्र मंत्रालयाला झेपणारे नाही. आरोग्य व वाणिज्य खात्यांची माहिती त्याच्या हाती वेळेवर आली पाहिजे.

भारताची लसनिर्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर भूतानमधील बहुसंख्य प्रौढांनी दुसरी मात्रा घेतली होती. जुलैमधील त्या मोहिमेसाठी लस मुख्यतः अमेरिका, डेन्मार्क आदी देशांकडून आली होती.