राज्य आणि शासन : तुलनेचा एक पाठ

पाठाचा हेतू : राज्य व शासन यांतील भेद आणि शासनपद्धतींची तुलना करण्याची रीत विद्यार्थ्यांस समजावून देणे.

विषयप्रवेश : मराठीत ‘राज्य’ हा एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी योजला जातो. ‘शिवाजी महाराजांचे राज्य’ म्हणताना त्यांची सत्ता अभिप्रेत असते. ‘महाराष्ट्र राज्य’ म्हणताना संघराज्याचा एक घटक. राज्यशास्त्रात मात्र तो शब्द सार्वभौम राज्यसंस्थेचा वाचक आहे. यामुळे सीमेलगतच्या गावातील मूल विचारते, ‘गोवा निराळे राज्य, मग तो निराळा देश काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पाठाचा आरंभ त्यापासूनच करावा.

विवेचन : लोकसंख्या, भूप्रदेश, शासन व सार्वभौमत्व ही राज्यसंस्थेची चार अंगे होत. महाराष्ट्र व गोवा यांस पहिली तीन आहेत. चौथे भारताचे आहे. म्हणून गोवा निराळा देश नव्हे. शासन हे राज्याचे केवळ एक अंग असून ते बदलले तरी राज्य कायम राहते. होडी तीच, तांडेल बदलतो, हा दृष्टान्त मालवण किनाऱ्यावरील मुलांस सहज पटेल.

शासनांची तुलना करताना तीन प्रश्न विचारावे : सत्ता कोणाकडून मिळते? सत्ताधारी कोणास जबाबदार असतो? त्यास शांततेने बदलता येते काय?

1947 च्या आरंभी या भागात थोड्याच अंतरात तीन शासने नांदत होती. मालवण व वेंगुर्ले ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात होते. तेथे निवडलेले विधिमंडळ होते. परंतु मताधिकार मालमत्ता, शिक्षण इत्यादी अटींनी मर्यादित होता व गव्हर्नर ब्रिटिश राजसत्तेकडून नेमला जाई. सावंतवाडी हे ब्रिटिशांच्या अधिसत्तेखालील भोसले घराण्याचे संस्थान. तेथे गादी वंशपरंपरेने चाले. बापूसाहेब महाराजांसारखा प्रजावत्सल राजा लाभणे हे प्रजेचे भाग्य होते. राजा निवडणे हा तिचा अधिकार नव्हता. गोव्याचा गव्हर्नर जनरल पोर्तुगालकडून नेमला जाई. 1951 साली पोर्तुगालने ‘वसाहत’ हे नाव टाकून ‘सागरपार प्रांत’ हे नाव घेतले. तथापि तिन्ही प्रश्नांची उत्तरे पूर्वीचीच राहिली. शासनाची पारख नावावरून करू नये, ती अशी.

सावंतवाडी 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात तेथील मतदारांनी महाराष्ट्रात विलीन न होता संघप्रदेश म्हणून राहणे पसंत केले. विलीनीकरण इच्छिणारे दोन्हीकडे पुष्कळ होते. तरी कौल पाळला गेला. न आवडलेला निर्णयही मान्य करणे, येथेच लोकशाहीची कसोटी लागते. 30 मे 1987 रोजी गोवा घटकराज्य झाले.

आज दोन्ही राज्यांत संसदीय पद्धती आहे. विधानसभेचा विश्वास असेतोवरच मंत्रिमंडळ अधिकारावर राहते. महाराष्ट्रात विधानसभा (288 सदस्य) व विधान परिषद (78) अशी दोन सभागृहे आहेत. गोव्यात 40 सदस्यांची विधानसभा हे एकच. अमेरिकेत अध्यक्षीय पद्धती असून अध्यक्षाची मुदत चार वर्षे ठरलेली असते. अविश्वासाच्या ठरावाने त्यास दूर करता येत नाही.

उपक्रम : फळ्यावर तीन प्रश्नांचा तक्ता आखून वरील शासनांची उत्तरे विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावी. नंतर तेच प्रश्न स्वतःच्या ग्रामपंचायतीस लावण्यास सांगावे. शिक्षकाने कोणत्याही पक्षाची बाजू घेऊ नये. उत्तर मुलांनी शोधावे.

स्वाध्याय : 1. शासन बदलले तरी राज्य कायम राहते, हे उदाहरणाने स्पष्ट करा. 2. चांगला राजा व निवडलेले शासन यांत भेद कोणता?