पावसाळ्यापूर्वी धुराड्याची दुरुस्ती

रोहिणी लागण्याच्या सुमारास घरोघरी शाकारणी सुरू होते. फुटकी कौले बदलली जातात, वळचणीची गळती थांबविली जाते. परंतु त्याच छपरातून वर गेलेल्या चुलीच्या धुराड्याकडे क्वचितच कोणी पाहते. पुढे पावसाळ्यात लाकूड ओलसर असते, दारे-खिडक्या लावलेल्या असतात आणि धूर घरातच कोंडतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. म्हणून तो अधिक घातक होय. गॅस आलेल्या घरांतही आंघोळीचे पाणी पुष्कळदा चुलीवरच तापते, हे विसरू नये.

वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल असो, १९५३ साली हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी मांडलेली निर्धूर चूल असो, मर्म एकच आहे. धुराडे तापले की आतील हवा हलकी होऊन वर चढते व तिच्या मागोमाग चुलीतील धूर ओढला जातो. सांध्याला फट पडली की थंड हवा आत शिरते, धुराडे निवते आणि ओढ मंदावते. म्हणून फट प्रथम शोधावी. चूल पेटवून प्रत्येक सांध्यापाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर सांध्याकडे ओढला गेला, तर फट तेथेच आहे असे समजावे.

यानंतर चूल पूर्ण निवू द्यावी. चुलीची तोंडे ओल्या गोणपाटाने झाकावीत, टोपी काढावी आणि लांब काठीला काथ्याचा कुंचा घट्ट बांधून नळी वरून खाली घासावी. ओल्या लाकडाने डांबरासारखा काळा थर धरतो. तो पेटला तर गवती छपराला धोका असतो, म्हणून तो सोडू नये. नळीत पक्ष्याचे घरटे असल्यास पिले उडेपर्यंत थांबणे बरे.

नळी सिमेंटच्या जुन्या पत्र्यासारखी दिसत असेल, तर तिच्यात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. ती कोरडी घासू नये, कापू नये. तिची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ती फुटली असेल तर ओली करून अखंड उतरवावी व मातीची भाजलेली नळी बसवावी.

सांध्यांसाठी चिकण माती, शेण व बारीक भुसा एकत्र मळून एक रात्र मुरू द्यावा. नुसती काळी माती घेऊ नये. ती सुकताना हटकून भेगाळते. पहिला लेप वाळल्यावर त्यावर दुसरा पातळ हात फिरवावा. लेप पूर्ण वाळेपर्यंत चूल पेटवू नये, आणि पहिला जाळ बेताचाच ठेवावा.

खरी कसोटी छपरापाशी लागते. पाणी गळते म्हणून नळीच काढून भोक बुजविलेली घरे आम्ही पाहिली आहेत! नळीभोवती पत्र्याची पट्टी अशी बसवावी की तिची वरची कड वरच्या कौलाखाली जाईल व खालची कड खालच्या कौलावर येईल. मग पाणी आपोआप वाहून जाते. गवती छपरात नळी व गवत यांमध्ये निदान एक वीत मोकळी जागा ठेवून तेथे पत्रा घालावा. नळीचे टोक आढ्याच्या वर दोन फूट असावे, नाहीतर वारा धूर परत खाली लोटतो. वर चढताना शिडी धरावयास खाली एक माणूस अवश्य ठेवावा.