पोटरी भरून येते तेव्हा

मी मुरबाड तालुक्यात, धसईच्या आसपासच्या पाड्यांवर आशा म्हणून काम करते. माझ्या मामेभावाचा पाय दुखायला लागला, तेव्हा मुरबाड, कल्याण आणि पुढे मुंबईपर्यंत त्याच्याबरोबर मीच गेले. दवाखान्यातले कागद वाचायची सवय घरात मलाच होती. पायाला रक्त कमी पडतं म्हणजे काय आणि त्यावरचं मूलपेशींचं इंजेक्शन काय करतं, हे त्या धावपळीत कळत गेलं. इथल्या तरुण माणसांनी आणि त्यांच्या बायकांनी ते वेळेत वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

१. चालताना भरून येणारी आणि बसल्यावर लगेच बरी होणारी पोटरी दाखवून घ्या.

दादा चाळिशीच्या आतला. पावसाळ्यात आवणी, भात झोडून झालं की वीटभट्टी. चालता चालता त्याच्या पोटरीत गोळा यायचा. तो बांधावर टेकायचा, दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागायचा. सगळ्यांनी वात ठरवला. तेल झालं, लेप झाले. मग दुखणं तळपायाच्या कमानीत उतरलं, बोटं गार आणि निळसर दिसायला लागली. शेवटी रात्रीची झोप गेली. आडवं झालं की पाय ठणकायचा, खाटेवरून खाली सोडला की थोडा उतार पडायचा. खाली सोडलेल्या पायात रक्त आपल्या वजनानं उतरतं, म्हणून तसं होतं. आता कुणाच्याही घरी पाय लोंबकळत ठेवून रात्र काढणारा माणूस दिसला, तर मी त्याला सकाळच्या पहिल्या एसटीनं पाठवते. त्या टप्प्यावर पाय जायची भीती खरी असते आणि थोड्या आठवड्यांत बोट काळं पडू शकतं.

२. डॉक्टरांनी पायाची नाडी बघितली का, हे विचारायला लाजू नका.

ती दोन ठिकाणी लागते: पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आत, हाडामागे. त्यानंतर घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर डॉप्लरनं मोजून त्यांचा भागाकार करतात. तो ०.९ च्या खाली गेला तर रक्तवाहिनी अरुंद झाली आहे असं समजतात. ०.४ च्या खाली गेला तर गंभीर. या तपासणीला सुईसुद्धा टोचावी लागत नाही. माझ्या मते, बाळाचं वजन करायला आम्हाला शिकवतात तसं पायाची नाडी बघायलाही प्रत्येक आशाला शिकवायला हवं.

३. बिडी सुटली नाही तर कुठलंच इंजेक्शन पाय वाचवत नाही.

दादाच्या आजाराचं नाव निघालं बर्जर्स डिसीज. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या लिओ बर्जर या डॉक्टरनं १९०८ मध्ये कापलेले ११ अवयव तपासून त्याचं वर्णन केलं. हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद होते. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आतले पुरुष असतात आणि जवळजवळ सगळे तंबाखूवाले. भारत, जपान, कोरिया, इस्रायल इथं हा आजार जास्त दिसतो. आपल्याकडे तो बिडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पायावर येतो.

दादाचं म्हणणं असं की दुकानातली बिडी वाईट, आपट्याच्या पानात घरी वळलेली साधी. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, ‘‘तुमच्या रक्तवाहिनीला पान कुठलं ते कळत नाही, तंबाखू तेवढा कळतो. दिवसाला एक बिडीसुद्धा हा आजार जागा ठेवते.’’ हे मला नवं होतं. मला वाटायचं, वीसवरून दोनवर आणल्या की निम्मी लढाई जिंकली. या आजारात तसा हिशेब चालत नाही. चुना-तंबाखू, मशेरी, निकोटिनची पट्टी यांचाही या रुग्णांना धोका असतो, म्हणून सुटण्यासाठी कुठलं औषध घ्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारावं लागतं. शेजारचे ओढत बसले असतील तर त्या धुरातूनही उठून जावं लागतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गँगरीन व्हायच्या आधी ज्यांची तंबाखू पूर्ण सुटते, त्यांच्यातल्या बहुतेकांचा पाय वाचतो. लाखांच्या औषधाला जे जमत नाही ते इथं फुकट होतं, पण फुकट म्हणजे सोपं नव्हे. भट्टीवर दर सुट्टीला बिडी फिरते आणि नाही म्हणणारा एकटा पडतो. वहिनीनं भट्टीच्या मालकाशी बोलून त्याला वेगळ्या टोळीत घालून घेतलं. त्याच्या पायासाठी कुणी काही केलं असेल तर पहिलं नाव तिचं. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन १८००-११-२३५६ आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

४. गार पाय शेकू नका.

रक्त कमी असलेल्या कातडीला चटका लवकर बसतो आणि ती जखम भरत नाही. शेकोटी नको, गरम पाण्याची पिशवी नको. लोकरीचा मोजा घाला. भोवरी ब्लेडनं कापू नका, चिखलात अनवाणी उतरू नका. आवणीच्या दिवसांत हे सांगणं मला जड जातं, तरी सांगते.

५. मूलपेशींचं इंजेक्शन आपल्या देशात खरोखर मान्य झालेलं आहे, पण ठरावीक रुग्णांसाठी.

बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीचं स्टेम्प्युसेल हे ते औषध. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून पेशी काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात, द्रवरूप नायट्रोजनच्या गारठ्यात साठवतात आणि रुग्णाच्या पोटरीच्या स्नायूत अनेक ठिकाणी टोचतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० लाख पेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ कोटी. देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये बर्जर्स डिसीजसाठी मर्यादित परवानगी दिली. २०२० मध्ये ती वाढवून चरबी साचून बंद झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे पाय धोक्यात आलेल्या रुग्णांनाही लागू केली.

या पेशी स्वतः नवी रक्तवाहिनी होऊन बसत नाहीत. त्या काही रसायनं सोडतात आणि त्यामुळे आजूबाजूच्या बारीक वाहिन्या वाढतात. मोठा पाट तुंबला की आपण बांधाला लहान चऱ्या पाडून खाचरात पाणी घेतो, तसं मी दादाला समजावलं. चऱ्यांनी रोप जगतं, पाट मोकळा होत नाही.

६. पुरावा कुठपर्यंत आहे, हेही ऐकून घ्या.

जपानमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पोटरीत टोचून सुधारणा दाखवली, तिथून आशा वाढली. आपल्याकडे बर्जर्सच्या ९० रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा डोस मिळालेल्यांचं रात्रीचं दुखणं कमी झालं, जखमा भरायला मदत झाली. पण कुणाला पेशी द्यायच्या आणि कुणाला नेहमीचे उपचार, हे त्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे तो पुरावा चांगला असला तरी अखेरचा म्हणता येत नाही. नेदरलँड्समध्ये १६० रुग्णांवर अशा चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापला गेला. त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी धमनीतून सोडल्या होत्या आणि पाय कापावे लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणून ‘मूलपेशी’ एवढं ऐकून हरखू नये. पेशी कुणाच्या, कशा तयार केलेल्या, कुठे टोचणार आणि आजार कुठला, या चारांवर उत्तर बदलतं.

७. पैसे पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारा.

धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. आता मोबाइलवरून पैसे जायला क्षण पुरतो. दादाचे रिपोर्ट कुणाकुणाच्या फोनवर फिरले आणि एका दवाखान्यातून फोन आला: गुडघा, साखर, पाय, सगळ्यावर एकच मूलपेशी उपचार, आगाऊ रक्कम आजच भरा. मामा जमिनीचा तुकडा काढायच्या गोष्टी बोलायला लागले होते. मी वहीत प्रश्न लिहिले आणि स्पीकरवर विचारले. औषधाचं नाव काय? औषध महानियंत्रकांची परवानगी या आजारासाठी आहे का? ही चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक कोणता? रक्तवाहिन्यांचे सर्जन रुग्णाला बघणार का? बायपास किंवा फुग्यानं वाट मोकळी करणं शक्य नाही, हे कुणी ठरवलं? पलीकडून फोन ठेवला गेला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि रीतसर मान्यता मिळालेलं औषध सोडलं, तर मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या. चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. ‘चाचणी आहे’ आणि ‘पैसे भरा’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की मी रुग्णाला तिथून उठवते.

८. जुने, साधे उपचार आधी.

बर्जर्समध्ये पायाच्या खालच्या बारीक वाहिन्याच बंद असतात, त्यामुळे बायपास जोडायला बहुतेकदा जागा सापडत नाही. दादावर कमरेजवळच्या नसा तोडून कातडीचा रक्तपुरवठा वाढवण्याचं ऑपरेशन झालं. एक बोट गेलं, बाकीची जखम सुकली. रात्रीचं दुखणं थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पेशींची गरज नाही. पुन्हा जखम झाली आणि भरेना, तर तेव्हा विचार करू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार घरी विसरून जाऊ नका.

९. कापायची वेळ आलीच, तर गुडघा राहील का ते विचारा.

विष पसरत असेल तर पाय धरून बसण्यात जीव जातो. तेव्हा सर्जनना एवढंच विचारावं, गुडघ्याच्या खाली कापून चालेल का? गुडघा शाबूत असला तर कृत्रिम पायावर चालणं पुष्कळ सोपं जातं. जयपूरमध्ये डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला पाय आपल्यासारख्या शेतकऱ्यांसाठीच आहे. तो घालून उकिडवं बसता येतं, बुटाशिवाय चालता येतं, खाचरातल्या पाण्यातही उतरता येतं. मुंबईत हाजी अलीच्या केंद्रीय पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव बसवून देतात. मात्र दुसरा पायही त्याच माणसाचा आहे आणि हा आजार एका पायावर क्वचितच थांबतो. त्यामुळे तिथं माप द्यायला गेल्यावरही मी खिशात बिडीचं बंडल आहे का ते बघते.